दादांचा पाहणी दौरा

माथेरानला निघायच्या आदल्या रात्री साडेदहाला दादांचा फोन आला.

"भावजी, घरात मोजपट्टी आहे का? शिंप्याची नको. पोलादी, पाच मीटरची."

"आहे. पण कशाला?"

"असू द्या जवळ. लागेल."

दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. सरकारी हिशेब तपासण्यात छत्तीस वर्षं घालवून ते निवृत्त झाले, म्हणजे खुर्चीतून उठले. तपासणं काही थांबलं नाही. इतर माणसं सहलीला निघताना टोपी घेतात, गॉगल घेतात, पित्ताच्या गोळ्या घेतात. दादा पुरावे घेतात. एका प्लास्टिकच्या फोल्डरात त्यांनी १९७१ च्या मे महिन्यातले सात फोटो, वडिलांच्या खर्चाच्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स आणि हाताने काढलेला एक नकाशा घातला होता. नकाशात माथेरान थोडं आणि घरगुती इतिहास फार. 'इथे ठमी पडली', 'इथे माकडाने पुरी नेली', 'इथे बाबा रागावले (चूक माझी नव्हती)'. ठमी म्हणजे आमची ही. तिचं खरं नाव दादांनी तिच्या लग्नपत्रिकेतच काय ते वापरलं.

अशा माणसांना पर्यटक म्हणता येत नाही. पर्यटक जागा बघायला जातो. ही मंडळी लहानपणी एकदा कुठेतरी जाऊन येतात आणि मग पन्नास वर्षांनी, आपण ठेवली होती तशीच ती जागा आहे की कुणी हलवली, हे तपासायला जातात. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी तोंडात टाकून "पूर्वी ही आंबट असायची हो" असं हळहळणारे ते हेच. गणपतीपुळ्याच्या गर्दीत उभं राहून "आम्ही यायचो तेव्हा इथे कुणी येत नसे" म्हणणारेही हेच. आपण येत होतो, म्हणजे गर्दीची सुरुवात आपणच केली, हे त्यांच्या हिशेबात कधी बसत नाही. त्यांच्या बोलण्यात 'पूर्वी' हा शब्द क्रियाविशेषण नसतो. ते एका गावाचं नाव असतं. तिथे त्यांचा सातबारा असतो.

दादांचं पूर्वी म्हणजे १९७१ चा मे. दहा वर्षांचे दादा, सहा वर्षांची ठमी, आई, बाबा आणि आजी असे पाच जण गिरगावातल्या दोन खोल्यांतून उठून पाच दिवस माथेरानला राहायला गेले होते. बरोबर एक होल्डॉल, एक ट्रंक, स्टोव्ह, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. बाबांनी ऑफिसातल्या कुणाचा तरी आग्फा क्लिक थ्री कॅमेरा मागून आणला होता. रोल बारा फोटोंचा. त्यातले पाच बाबांच्या अंगठ्याचे आले, उरलेले सात दादांच्या फोल्डरात आहेत. त्या कुटुंबाने तशी सहल त्याआधी केली नव्हती आणि त्यानंतरही केली नाही. त्यामुळे त्या पाच दिवसांवर सगळ्यांनी जन्मभर गुजराण केली. माझ्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, या पस्तीस वर्षांत मी ती सहल इतक्या वेळा ऐकली आहे की परवा एकदा कुणाला तरी मीच सांगून बसलो, "आमच्या आजीला हातरिक्षात बसवलं होतं."

तर २०२५ च्या फेब्रुवारीत, एका साध्या बुधवारी, दादा, वहिनी, ही आणि मी असे चौघे कर्जत लोकलने नेरळला उतरलो. मे महिना दादांनी गर्दी नको म्हणून टाळला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नेरळ–माथेरानची छोटी गाडी हे दादांच्या पाहणीचं पहिलं कलम. तिची सगळी कुंडली त्यांना पाठ. दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटर, १९०४ ते १९०७ या तीन वर्षांत अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये घालून बांधलेली. वाफेची इंजिनं थेट जर्मनीहून, ऑरेनस्टाइन अँड कोपेलची. १९८० च्या दशकात डिझेल आलं आणि दादांच्या मते गाडी तिथेच वारली; आता जे चालतं ते तिचं श्राद्ध.

"पूर्वी डोळ्यात कोळसा जायचा," खिडकीशी बसत ते म्हणाले. डोळ्यांना रुमाल लावला, काढला, त्यावर काहीच नाही असं बघून खिन्न झाले. "आता काही जात नाही."

ही गाडी किती वेळा मोडून पुन्हा उभी राहिली, हे मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. २००५ च्या जुलैच्या पावसाने रूळ वाहून गेले, ते नीट व्हायला २००७ उजाडलं. २०१६ च्या मे महिन्यात डबे दोनदा घसरले, गाडी बंद. २०१९ च्या पावसाने पुन्हा दाणादाण, ती थेट २०२२ च्या ऑक्टोबरात चालू. दरवर्षी पावसाळ्यात तर ती सुट्टीवरच असते. इतकं सोसून जी आजही गुरगुरत वर चढते, तिला निदान शाबास तरी म्हणावं. दादांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिट्टी ऐकलीत? पूर्वीची शिट्टी पोटात जायची."

"पोटातून यायची," ही म्हणाली. "जुम्मापट्टीपासून ओकत होतास तू."

"मी गाडीतून उतरून गाडीबरोबर पळत होतो!"

"ते दुसरे मुलगे. तू आईच्या मांडीवर होतास. आलेपाकाची वडी चोखत."

या भावंडांचं हे असं आहे. दोघं एकाच सहलीला गेली होती, पण परतली दोन वेगवेगळ्या सहलींतून. दादांच्या सहलीत दादा पळतात, घोडा उधळवतात, माकडाच्या हातून पुरी परत मिळवतात. हिच्या सहलीत दादा मुख्यतः रडतात. वाटेत एकच बोगदा लागतो, त्याला वन किस टनेल म्हणतात, कारण तो तेवढ्यातच संपतो. आमची गाडी त्यात शिरली तेव्हा पुढच्या डब्यातल्या कॉलेजच्या पोरांनी परंपरेला धरून आरोळी ठोकली. दादा म्हणाले, "बाबांनी सांगितलं होतं, अंधारात रामराम म्हणायचं. पूर्वी इथे अकरा वेळा रामराम म्हणून व्हायचं. आता मोजलं, तीनदा झालं." बोगदा आखूड केल्याची नोंद त्यांनी वहीत केली. वहिनींनी पिशवीतून सँडविच काढून त्यांच्या हातात दिलं. वहिनी वादात पडत नाहीत, डबा उघडतात.

खरा पेच वर पोचल्यावर आला. दादा गेले दोन महिने माथेरान बिघडल्याची तयारी करत होते. डोंगरावर काय काय झालं असेल याची यादीच होती त्यांच्याकडे: सहापदरी रस्ता, मॉल, पार्किंग, हॉर्न. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर समोर लाल माती, वर झाडांची कमान, बाजूला घोड्यांची लीद आणि मोटारीचा आवाज नाही. इथे गाड्यांना बंदीच आहे. त्या खाली दस्तुरीला सोडाव्या लागतात. २००३ साली सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हा तर बंधनं आणखी आवळली. एका चहावाल्याने विचारलं, "साहेब, पयल्यांदा आलात?" दादांच्या तोंडून शब्द फुटेना. कोर्टात साक्षीदार उलटल्यावर वकिलाचं होतं तसं त्यांचं झालं. चोपन्न वर्षांची तक्रार घेऊन माणूस इतक्या लांब आला आणि इथे प्रतिवादी जागच्या जागी, आंघोळ करून बसलेला!

पंधरा मिनिटं ते नुसते चालत होते. मला काळजी वाटायला लागली. मग एका वळणावर त्यांची पावलं थबकली, चेहरा उजळला आणि ते जवळजवळ आनंदाने ओरडले, "भावजी! पेव्हर ब्लॉक!"

खरंच होते. रस्त्याच्या एका पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेले. त्यावरून गावात वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे सगळं दादांना ठाऊक होतंच. त्यांनी खाली बसून ब्लॉकवर टिचकी मारली, मोजपट्टी मागून घेतली, लांबीरुंदी टिपली. भूक लागली म्हणाले. माथेरानला आल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथम तिथे पाहिलं.

ई-रिक्षाने त्या समाधानात भर टाकली. "इंजिन!" ते म्हणाले. मी म्हटलं, बॅटरी आहे. "आज बॅटरी, उद्या बस." मात्र पॉइंटावरून परतताना गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्याच रिक्षात ते 'पाहणीसाठी' बसले आणि रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगून, पूर्वी आजी हातरिक्षात कशी ऐटीत बसली होती ते ऐकवू लागले. इथे मात्र माझं आणि दादांचं जमत नाही. चढावर माणूस माणसाला ओढतोय, हे पूर्वीचं असलं तरी पूर्वीच राहावं. पुढे त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. दादांनी ती बातमी मला पाठवली, खाली एकच शब्द लिहून: 'आजी!!' हिने त्यांना उत्तर पाठवलं, की आजी त्या रिक्षातून अर्ध्या वाटेत उतरली होती. ओढणाऱ्याला धाप लागलेली तिला बघवेना, म्हणून त्याला दशमी देऊन ती उरलेला चढ चालत गेली. दादांच्या नकाशात हे नव्हतं.

दुपारी करवंदांचं प्रकरण झालं. शार्लट तलावाकडे जाताना दादा दर दहा पावलांवर झुडपात डोकं घालत होते.

"बघितलंत? एक जाळी शिल्लक नाही. पूर्वी दोन्ही बाजूंना करवंदं लोंबायची. काळीभोर. बाबा टोपी भरून आणायचे. आणि जांभळं! सगळं तोडून खाल्लं लोकांनी."

जाळ्या होत्या. दादा ज्या झुडपात वाकून बोलत होते ती करवंदाचीच जाळी होती, त्यांच्या शर्टाला तिने ओरखडाही काढला. फक्त महिना फेब्रुवारी होता.

"दादा, करवंदं मे महिन्यात येतात," ही म्हणाली.

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पूर्वी लवकर यायची."

तलावानेही निराशा केली. माथेरानला पाणी पाजणारा, काठावर पिसारनाथाचं देऊळ असलेला हा तलाव दादांच्या आठवणीत समुद्राच्या खालोखाल होता. प्रत्यक्षात पलीकडच्या काठावरचा माणूस मोबाइलवर काय बोलतोय ते ऐकू येत होतं. "गाळ भरला," असा निर्णय झाला. दहा वर्षांच्या डोळ्यांनी पाहिलेला तलाव चौसष्टाव्या वर्षी कधीच भरत नाही, पण हे लेखापरीक्षकाला कुणी सांगावं? त्यांच्या लेखी तूट म्हणजे तूट.

घोड्याच्या बाबतीत तर कमाल झाली. १९७१ साली दादा ज्या घोड्यावर बसले तो राजा नावाचा, पांढरा, घरंदाज, अंदाजे हत्तीएवढा. दादांनी घोडेवाल्यांच्या अड्ड्यावर जाऊन फोटो दाखवला. फोटोत बाबांचा अंगठा, त्यामागे घोड्याचे दोन कान आणि त्यांच्या वर एक सोलर टोपी. पंचविशीतल्या एका घोडेवाल्याने फोटो दोन्ही हातांत धरून नीट पाहिला. या पोराच्या सभ्यतेला तोड नाही.

"हा आमच्यातलाच वाटतो, काका. आजोबांच्या वेळचा असेल."

"आजोबा कुठे आहेत?"

"गेले."

"आणि घोडा?"

पोरगा क्षणभर थांबला. "तो पण गेला, काका. आधी घोडा गेला, मग आजोबा."

दादांनी टोपी काढली. आम्हीही उभे राहिलो. घोड्याच्या आयुष्याचा हिशेब मनात चालू होता, पण त्या वेळी बोलणं बरं दिसलं नसतं. नंतर दादा त्याच पोराच्या घोड्यावर बसले. घोड्याचं नाव सुलतान. वीस पावलांवर त्यांनी 'घोडे पूर्वी उंच असायचे' असं जाहीर केलं आणि एकविसाव्या पावलाला सुलतान शिंकला तेव्हा दोन्ही हातांनी त्याच्या मानेला मिठी मारली. हिने मोबाइलवर फोटो काढला. "हा आता फोल्डरात घाल," म्हणाली. "तेव्हाचाही असाच निघाला असता, अंगठा नसता तर."

इतिहासावर दादांचा विशेष राग आहे, कारण तो त्यांच्या आधी सुरू होतो. मी त्यांना सांगितलं, की १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला आणि त्याने माथेरान साहेबलोकांच्या नकाशावर आणलं. तोवर इथल्या रानातल्या लोकांचा हा डोंगर होता. 'माथ्यावरचं रान' या नावातच तो त्यांनी नोंदवून ठेवलेला आहे. मॅलेटने इथे बंगला बांधला, त्याचं नाव ठेवलं 'द बाइक'. ज्या गावात मोटारीला बंदी, तिथलं साहेबाचं घर बाइक! मला हे फार गमतीचं वाटतं. मी आत्तापर्यंत सतरा जणांना सांगितलं आहे आणि सतरा जण हसले आहेत. दादा हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे त्या मॅलेटला १८५० चं माथेरान बघायला मिळालं," आणि त्यांच्या आवाजात असा मत्सर होता की मी विषय बदलला.

सायंकाळी एको पॉइंटला गेलो. या जागेसाठीच खरं तर सगळा घाट होता. मोजपट्टी इथेच लागायची होती.

सात फोटोंतला सर्वांत नीट आलेला फोटो इथला. एका दगडावर आई आणि आजी बसलेल्या, ठमी मधे, दादा दगडावर उभे, कमरेवर हात. हा फोटो अंगठ्याशिवाय आहे, कारण तो बाबांनी काढलेला नाही. कुणा वाटसरूला काढायला दिला आणि बाबा स्वतः कडेला उभे राहिले, अर्धे चौकटीबाहेर. दादांना तो फोटो तसाच्या तसा पुन्हा काढायचा होता. दगड शोधण्यात अर्धा तास गेला. आता कड्याला कठडा आहे, माणसं आहेत, मक्याच्या कणसाची शेगडी आहे. शेवटी वहिनींनी एका दगडावर पिशवी टेकवली आणि दादा ओरडले, "हाच!" फोटोतल्यासारखी त्याला डाव्या अंगाला खोक होती. पण त्यांचा चेहरा लगेच पडला.

"हा इतका बुटका नव्हता. मला बाबांनी उचलून वर ठेवलं होतं. भावजी, मोजा."

मी मोजला. बेचाळीस सेंटिमीटर.

"दगड खचला," दादा म्हणाले. "नाहीतर जमीन वर आली. पर्यटकांनी माती आणून टाकली असणार."

"तुम्ही वाढलात," वहिनी म्हणाल्या. दिवसभरात त्यांचं हे पहिलंच मत. मग त्यांनी मला हळूच सांगितलं, "लग्नानंतर पहिल्याच सकाळी म्हणाले होते, चहा पूर्वीसारखा नाही."

फोटोसाठी माणसं मांडली गेली. वहिनी आईच्या जागी, आजीच्या जागी फिरकीचा तांब्या (तो घरून आणला होता, आत सुंठीचं पाणी), ही मधे. बाबांच्या जागी मी, अर्धा चौकटीबाहेर. दादा दगडावर चढले, कमरेवर हात ठेवले आणि एका कॉलेजकुमाराने आमचे अठ्ठावन्न फोटो काढून दिले. पूर्वी बारा निघायचे आणि पाच वाया जायचे, हे दादा त्याला सांगत होते. तो "ओके अंकल" म्हणत होता.

मग दादा कठड्याशी गेले. दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि दरीकडे बघून ओरडले, "ओऽऽ!"

समोरच्या डोंगरातून "ओऽऽ" आलं. दादा वाट बघत राहिले. कणीसवाल्याने त्यांच्याकडे बघितलं. आणखी काही आलं नाही.

"एकदाच," ते म्हणाले. "पूर्वी दोनदा यायचा. एकदा लांबून आणि मग एकदा जवळून. दुसरा जास्त खणखणीत. भावजी, हे मी बनवून सांगत नाही. डोंगर पोखरले असणार कुणीतरी, नाहीतर आवाज असा जाईलच कसा?" त्यांनी पुन्हा आरोळी दिली. पुन्हा एकदाच आलं. तिसऱ्यांदा दिली तेव्हा घसा बसला.

ही दगडावरून उठून त्यांच्याजवळ गेली.

"दादा, दुसरे बाबा होते."

"काय?"

"पहिला डोंगर ओरडायचा. दुसरे बाबा. ते मागच्या झाडाआड जायचे. मी त्यांच्या खांद्यावर होते ना. मी हसायला लागले तर त्यांनी पायाला चिमटा काढला."

दादा तिच्याकडे बघत राहिले. खाली दरीत कुणाच्या तरी शेतात धूर निघत होता. मका भाजल्याचा वास येत होता.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, ठमे?"

"बाबांनी सांगितलं होतं, दादाला सांगू नकोस."

ते वळून मागच्या झाडांकडे गेले. कोणतं झाड, ते विचारायचं त्यांना सुचलं नाही, की विचारावंसं वाटलं नाही, मला माहीत नाही. बराच वेळ तिथे उभे होते. परत आले तेव्हा मोजपट्टी त्यांच्या हातात होती, पण त्यांनी काही मोजलं नव्हतं. रात्री जेवताना मात्र भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "तरीसुद्धा, पहिला आवाज पूर्वी मोठा होता," आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. माणूस शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी बाजार झाला. चिक्की, मध, चपला. दादांनी झेरॉक्स हातात धरून प्रत्येक दुकानात १९७१ चे भाव वाचून दाखवले. 'चहा ६ कप, १ रु. २० पै.' असं त्यांनी एका टपरीवर मोठ्याने वाचलं, तेव्हा टपरीवाला म्हणाला, "काका, मी तेव्हा असतो तर त्याच भावाने दिला असता." दादांना हे उत्तर पटलं. त्यांनी चार कप घेतले आणि पैसे आजच्या भावाने दिले, वर पाच रुपये ठेवले. चिक्की दीड किलो घेतली, पूर्वीसारखी नाही म्हणत नेरळ यायच्या आत अर्धा किलो संपवली.

ती खर्चाची वही आमच्याकडे आहे. आईंच्या ट्रंकेतून निघाली, तेव्हापासून हिच्या कपाटात असते. दादांनी मागे तिची झेरॉक्स काढली, पण लेखापरीक्षकाच्या सवयीने फक्त आकड्यांच्या पानाची. घरी आल्यावर हिने मूळ वही काढली. आकड्यांच्या समोरच्या पानावर बाबांच्या बारीक अक्षरात शेरा होता. लग्नाआधी, १९४८ साली, ते कुणा मित्रांबरोबर माथेरानला जाऊन आले होते. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेरा असा:

'माथेरान पूर्वीचे राहिले नाही. गर्दी फार. चिक्की बेताची. घोडे लहान. प्रतिध्वनी एकदाच येतो. पूर्वी दोनदा येई. मुलांसाठी काहीतरी करावे लागले.'

हिने फोनवर दादांना ते वाचून दाखवलं. मी बाजूला बसून होतो. मला वाटलं, आता तरी हा माणूस पूर्वीचा नाद सोडेल. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग दादा गरजले, इतक्या जोरात की हिने फोन कानापासून लांब धरला.

"बघ! मी काय म्हणत होतो? बाबांनाही दोनदा ऐकू आला होता! म्हणजे डोंगर पोखरायला १९४८ नंतरच सुरुवात झाली. भावजींना सांग, मे महिन्यात पुन्हा जायचं आहे. करवंदं बघायला."

तिकिटांचं बघतो म्हणालो आहे. मोजपट्टी अजून त्यांच्याकडेच आहे.